झाडावर बॅटरीचं कटर न्यायचं असेल तर

आमच्याकडे चेनसॉला कोणी चेनसॉ म्हणत नाही, कटर म्हणतात. "नाना, कटर घेऊन या, निंबाची फांदी पत्र्यावर आलीय" असा फोन येतो आणि आपण निघतो. जळगाव-भुसावळ पट्ट्यात बरीच वर्षं हेच काम करतोय, गेली चार वर्षं बॅटरीच्या मशीनवर, आणि आता नवीन पोरं रोज विचारतात की भो पेट्रोल सोडून बॅटरी घेऊ का? घे, पण वर चढायला घे. खाली बुंधा पाडायला पेट्रोलचं मशीन राहू दे. वाळलेली बाभूळ, जुनी चिंच, आणि आपल्या सातपुड्याकडचा अंजन, ज्याचं लाकूड हातोडी मारली तरी वाजतं, तिथं बॅटरीचं मशीन चालतं पण बॅटऱ्या फुटाण्यासारख्या संपतात.

काही जुनी माणसं बॅटरीच्या मशीनला खेळणं म्हणतात. त्यांना सांगायचं की स्टिल कंपनीच्या आन्द्रेआस स्टिलनं १९२६ साली जर्मनीत काढलेला पहिला चेनसॉ विजेवरच चालायचा, दोन माणसं लागायची धरायला, पेट्रोलचा त्यानं १९२९ ला काढला. असो.

घेताना वर हँडल असलेलं, म्हणजे टॉप हँडल मशीन बघा, पट्टी, म्हणजे जिच्यावर चेन फिरते ती, १० किंवा १२ इंची. १४ च्या वर जाऊ नका, वर झाडात लांब पट्टी कुठं ना कुठं अडकतेच. दुकानदार व्होल्ट सांगून भुलवतो पण विचारायचं ते वॅट-अवर. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर, झाला हिशोब. ३६ व्होल्टची ५ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १८० वॅट-अवर. मशीन लाकडात असताना साधारण १००० वॅट ओढतंय असं धरलं तर सलग कापायला १० ते ११ मिनिटं मिळतात. ऐकायला फार कमी वाटतं पण वर झाडात सलग कापतं कोण? पाय रोवायचा, दोर सरकवायचा, खालच्याला हाक मारायची, मग पाच सेकंद कापायचं. पेट्रोलचं मशीन मधला सगळा वेळ धुकधुक करत पेट्रोल पितं, हे गप्प बसतं. मी चार बॅटऱ्या आणि दोन चार्जर ठेवतो, एका-दोन झाडांना दिवसभर पुरतात, छाटणीच असेल तर.

आता ते गप्प बसणं. दवाखान्याच्या आवारात, शाळेजवळ, सकाळी सहाला कॉलनीत, कुठंही काम करता येतं, खालचा माणूस काय ओरडतोय ते वर ऐकू येतं, हा मोठा फायदा. आणि धोका पण तोच. पेट्रोलचं मशीन चालू आहे हे आंधळ्याला पण कळतं. हे चालू आहे का बंद, कसं कळणार? माझ्यासोबतचे एक आबा आहेत, तीस वर्षं झाडावर चढणारे, ते पहिल्या दिवशीच म्हणाले होते, "हे मुकं जनावर हाये भो, हे कधी चावीन सांगता येत नाही." आणि तसंच झालं. मी मशीन कमरेला अडकवून खाली उतरत होतो, चेन ब्रेक, म्हणजे चेन अडवणारी पुढची दांडी, मारला नव्हता, ट्रिगरचा सेफ्टी लॉक पण दाबला गेला कशानं तरी आणि एका काटकीनं ट्रिगर दाबला, पँट फाटली आणि मांडीला ओरखडा, बस इतक्यावर निभावलं. तेव्हापासून नियम असा की कापणं संपलं की आधी चेन ब्रेक पुढं, मगच हात सोडायचा. आणि चेनला हात लावायचा, ताण बघायचा, कानस मारायची, अडकलेली साल काढायची तर आधी बॅटरी बाहेर. स्विच बंद केला म्हणून चालत नाही, बॅटरी बाहेर काढून खिशात.

आवाज कमी आहे म्हणून कानाचं झाकण, डोळ्याचा चष्मा काढून ठेवू नका. आणि टॉप हँडल हलकं आहे म्हणून एका हातानं कापायचा मोह होतो, सगळ्यांना होतो, मलाही. पट्टीच्या नाकाचा वरचा कोपरा लाकडाला टेकला की मशीन उलटं तोंडावर येतं, हा झटका बॅटरीच्या मशीनला पण तितकाच बसतो. दोन्ही हात मशीनवर पाहिजेत, म्हणजे तुम्ही दोन ठिकाणी बांधलेले पाहिजेत, एक वरचा मेन दोर आणि एक कमरेचा खोडाभोवती. कमरेचा दोर आत स्टीलची तार असलेला मिळतो, तो घ्या. तार म्हणजे चेन लागणारच नाही असं नाही, पण साध्या दोरासारखा एका फटक्यात तुटत नाही.

आता उन्हाचं. मे महिन्यात आपल्याकडे ४५ च्या वर पारा जातो आणि लिथियमच्या बॅटरीला सगळ्यात वाईट तेच. मी पहिल्या वर्षी बॅटऱ्या पिकअपच्या डॅशबोर्डवर ठेवल्या, काचेतून ऊन, दुपारी चार्जरला लावली तर लाल लाइट लुकलुक करत बसला. मला वाटलं चार्जर गेला, दुकानदाराला फोनवर दोन शब्द जास्तच बोललो. चार्जर ठीक होता, तो बॅटरी थंड व्हायची वाट बघत होता. गरम बॅटरी हे चार्जर चार्ज करतच नाहीत आणि ते बरोबरच आहे. म्हणून आता थर्माकोलचा डबा असतो, त्यात बॅटऱ्या, झाडाच्या सावलीत. बर्फ घालू नका राव, एकानं घातला होता, आत पाणी झालं. काम संपलेली बॅटरी लगेच चार्जरला नाही, अर्धा तास सावलीत, मग.

शेतात चार्जिंगचा प्रश्न असतोच, थ्री फेज रात्रीची येते तर कधी येतच नाही. गाडीच्या सिगारेट लायटरच्या सॉकेटवर फास्ट चार्जर लावायला जाऊ नका, ते सॉकेट १० ते १५ अँपिअरचं, म्हणजे एकशेवीस ते एकशेऐंशी वॅटच्या वर गेलं की फ्यूज उडतो. मोठा इन्व्हर्टर थेट गाडीच्या बॅटरीवरून, मध्ये फ्यूज टाकून, तोही इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतला तर जमतं. नाहीतर सरळ एक बॅटरी जास्तीची घ्या.

पण खरं सांगू का, कापताना बॅटरीचा चार्ज लवकर संपवतं ते ऊन नाही, बोथट चेन. पेट्रोलच्या मशीनवर धार गेली तरी माणूस दाबून दाबून कापतो, कळत नाही. इथं लगेच कळतं, काल तीन बॅटऱ्यांत झालेलं काम आज पाच मागतं. भुश्याकडं बघायचं. धार असेल तर कापताना चपटे तुकडे, पोह्यांसारखे पडतात. पिठासारखं उडायला लागलं की थांबा. छोट्या मशीनवर बहुतेक ३/८ इंची लो प्रोफाइल, म्हणजे बुटक्या दातांची, चेन असते, तिला ४ मिलिमीटरची गोल कानस. १/४ वाली चेन असेल तर कानस वेगळी लागू शकते, मशीनच्या पुस्तकात बघूनच आणा. दातावर कोनाची रेघ असते, साधारण ३० अंश, त्या रेघेला समांतर, आतून बाहेर ढकलायची, परत आणताना उचलून. पुढं-मागं घासली तर कानसच मरते. प्रत्येक दाताला सारखेच दोन-तीन हात, एका बाजूला जास्त झाले की मशीन वाकडं कापतं आणि माणूस म्हणतो पट्टी खराब आहे. चार-पाच वेळा धार लावल्यावर दातापुढचं बोंड पण बघायचं, ते दातापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली पाहिजे, त्याचं गेज मिळतं, अंदाजानं घासू नका.

आणि ऑइल! बॅटरी आहे म्हणून तेल लागत नाही असं समजून एकानं पट्टी निळी करून आणली होती. बार ऑइल लागतंच, बॅटरी बदलली की तेलाची टाकी बघायची ही सवय लावून घ्या. मशीन चालू करून नाक एखाद्या पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर धरा, तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. गॅरेजचं जळकं ऑइल टाकू नका, त्यातला लोखंडाचा कीस पंप जाम करतो. चेनचा ताण थंड असताना लावायचा, काम करून गरम झाली की ढिली पडते, मग आवळतो आपण, आणि तशीच ठेवली की थंड होऊन आकसते आणि पट्टीला पिळते. म्हणून संध्याकाळी थोडी सैल करून ठेवा.

कापायची पद्धत मशीन कुठलंही असो तीच. मोठी फांदी एका दमात कापली की फाटत खाली जाते आणि खोडाची साल सोलून नेते, गुलमोहोर तर पटकन. आधी खोडापासून हातभर लांब, खालून एक काप, फांदीच्या पाव-एक जाडीपर्यंत. मग त्याच्या थोडं पुढं, फांदीच्या टोकाकडं, वरून काप, फांदी पडते. राहिलेली खुंटी शेवटी, फांदीच्या मुळाशी जी फुगीर कड असते तिच्या बाहेरून. ती कड झाडाची जखम भरणारी जागा आहे, तिला धक्का लावायचा नाही आणि खुंटी पण सोडायची नाही. गेरू-डांबर लावा म्हणून मालक मागं लागतो, नीट काप असेल तर गरज नसते.

केळीला हे मशीन लावू नका, रावेर-यावलकडचे भाऊ विचारतात म्हणून सांगतो. ओला चोथा कव्हरमध्ये गच्च बसतो आणि चीक वाळला की चेन हलत नाही. विळा बरा.

वायरीजवळ काम असेल तर आधी महावितरणला सांगून लाइन बंद करून घ्या, मशीन प्लॅस्टिकचं आहे म्हणून करंट लागत नाही हा गैरसमज आहे, पट्टी लोखंडीच असते आणि ओली फांदी पण करंट नेते. शहरात झाडाला हात लावायच्या आधी १९७५ च्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी, शेतात साग, आंबा, चिंच, मोह असलं झाड तोडायचं तर १९६४ चा कायदा आहे, त्याचीही परवानगी लागते. कागद मालकानं काढायचा, पण बघून घ्यायचा आपण, कारण पकडल्यावर मशीन आपलं जातं.

पावसाळ्यात काम कमी असलं की बॅटऱ्या फुल चार्ज करून कपाटात टाकू नका, अर्ध्यावर आणून ठेवा, मशीनमधून काढून, कोरड्या जागी. महिन्यातून एकदा बॅटरीवरचे चार्जचे लाइट बघायचे, एकच उरला असेल तर थोडी चार्ज करायची. आणि तेलाची टाकी रिकामी करून ठेवा, नाहीतर आठवडाभरात फळीवर तेलाचं थारोळं होतं आणि घरचे बोलतात.