यांग्न्यॉम चिकन घरी कसे करावे: सॉस लावूनही कुरकुरीत

तिखट-गोड, चकाकत्या लाल सॉसमध्ये घोळवलेले हे कोरियन तळलेले चिकन. खरी कसोटी तिखटाची नाही. सॉस लागल्यावरही कवच कुरकुरीत राहायला हवे.

हाडासह लहान तुकडे किंवा विंग्ज, ७५० ग्रॅम घ्या. धुतले असतील तर पाणी पूर्ण टिपून घ्या. ओलसर तुकड्यांवर पिठाचा चिखल होतो आणि तेलात तो सुटतो. १ छोटा चमचा मीठ, अर्धा चमचा मिरपूड आणि १ चमचा किसलेले आले चोळून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. मग १०० ग्रॅम बटाट्याच्या स्टार्चमध्ये दाबून घोळवा, जास्तीचे झटका. कॉर्नफ्लोअरही चालते. मैदा मात्र नको, सॉसमध्ये तो लवकर मऊ पडतो.

तेल १६५ अंशांवर आणून ८ ते १० मिनिटे तळा. कढईत गर्दी केली की तेल थंडावते आणि चिकन तेलकट होते, म्हणून दोन-तीन घाणे काढा. काढलेले तुकडे जाळीवर ५ मिनिटे ठेवा. तेवढ्यात आतली वाफ कवचात येऊन ते मऊ पडते, घाबरू नका. आता तेल १८५ अंशांवर नेऊन पुन्हा २-३ मिनिटे तळा. ही ओल उडते, तेव्हाच कवच खडखडीत होते. थर्मामीटर असेल तर हाडाजवळ किमान ७४ अंश तापमान हवे.

सॉससाठी १ मोठा चमचा तेलात ५ पाकळ्या बारीक चिरलेला लसूण मंद आचेवर परता. तो तांबूस झाला तर सॉस कडवट होतो, त्याआधीच २ मोठे चमचे गोचुजांग, ३ चमचे केचप, ३ चमचे कॉर्न सिरप किंवा मध आणि सोया सॉस, व्हिनेगर, पाणी प्रत्येकी १ चमचा घाला. गोचुजांगमध्ये मिरचीसोबत चिकट तांदूळ आणि आंबवलेले सोयाबीन असते, त्यामुळे साध्या मिरची पेस्टने ती चव येत नाही. ते बुडाला पटकन लागते, म्हणून सतत ढवळत राहा. उलथन्याने तळाशी रेघ ओढल्यावर ती क्षणभर टिकली की गॅस बंद. पातळ सॉस कवच भिजवतो. फार आटवला तर गार झाल्यावर दातांना चिकटतो.

दोन्ही गरम असतानाच तुकडे सॉसमध्ये घालून हलक्या हाताने उलटेपालटे करा. वर भाजलेले तीळ, सोबत व्हिनेगर-साखरेत मुरवलेल्या मुळ्याच्या फोडी. पाहुणे उशिरा येणार असतील तर दुसरे तळण आणि सॉस लावणे ते आल्यावरच करा.