वंशावळीतला चुलत-मामे-मावस गुंता कसा सोडवायचा

कोण कोणाचा कोण, हे वयावरून ठरवू नका. आणि हाक मारायच्या शब्दावरून तर मुळीच ठरवू नका. वंशावळी बिघडतात त्या बहुतेक या दोन सवयींमुळे, आणि तरी ‘वय बघा, पिढी कळेल’ हाच सल्ला सर्रास दिला जातो.

कच्ची वंशावळ हाताशी आहे, नावांपुढे जन्मसालं आहेत, हे धरून चालते. सालं नसतील तर आधी ती भरा. पेशव्यांच्या एकाच घरात दोन बाजीराव, दोन माधवराव आणि दोन नानासाहेब होऊन गेले. नुसत्या नावावर विसंबलात तर चुकीच्या माणसाचं नातं काढून मोकळे व्हाल.

आता ज्या दोघांचं नातं हवं, त्यांच्यापासून वर चढत जा आणि दोन्ही वाटा जिथे पहिल्यांदा एकत्र येतात तिथे थांबा. हा जवळचा सामाईक पूर्वज. त्याच्या वर जाऊ नका. पुढे त्याचे आईवडीलही सामाईकच असणार, पण त्यांचा इथे उपयोग नाही.

मग दोन्ही बाजूंच्या पायऱ्या मोजा. मोजायच्या त्या पायऱ्या, माणसं नव्हेत. स्वतःला ‘एक’ धरून सुरुवात केली की सगळं गणित एकाने चुकतं. आपल्यापासून वडील ही एक, आजोबा दोन, पणजोबा तीन, खापरपणजोबा चार. दोन्ही आकडे शेजारी लिहा: २-२, ३-३, असे.

आकडे सारखे असले तर काम झालं. १-१ म्हणजे सख्खी भावंडं. २-२ म्हणजे आजी-आजोबा एकच: सख्खे चुलत, मामे, आते किंवा मावस, इंग्रजीत फर्स्ट कझिन. ३-३ म्हणजे पणजोबा एकच, सेकंड कझिन. लहान आकड्यातून एक वजा केला की कितवे कझिन ते मिळतं.

इथपर्यंत कोणीही येतं. घोडं अडतं ते दोन आकडे वेगळे निघाल्यावर.

पानिपतावर एकाच दिवशी, १४ जानेवारी १७६१ ला पडलेले सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव घ्या. सामाईक पूर्वज बाळाजी विश्वनाथ. भाऊ त्यांच्या मुलाचा, चिमाजी अप्पांचा मुलगा, म्हणजे दोन पायऱ्या. विश्वासराव ते नानासाहेब, नानासाहेब ते पहिले बाजीराव, बाजीराव ते बाळाजी विश्वनाथ, अशा तीन. नातं २-३. लहान आकडा दोन, म्हणून फर्स्ट कझिन. फरक एकाचा, म्हणून ‘वन्स रिमूव्ह्ड’. त्या ‘रिमूव्ह्ड’चा अर्थ एवढाच की दोघांत एका पिढीची तफावत आहे. दोनाची असेल तर ‘ट्वाइस’. वडिलांच्या चुलतभावाला सेकंड कझिन म्हणणारे पुष्कळ भेटतात. ते साफ चूक आहे. सेकंड कझिन ही त्याची मुलं. (लहान आकडा एक असेल तर तो कझिन नव्हेच, १-२ म्हणजे काका, मामा, आत्या, मावशी.)

आता दुसरी जोडी पाहा. सवाई माधवराव जन्मले एप्रिल १७७४ मध्ये, दुसरे बाजीराव जानेवारी १७७५ मध्ये. दुसरे बाजीराव पहिल्या बाजीरावांचे नातू, सवाई माधवराव पणतू. इथेही २-३, तंतोतंत भाऊ आणि विश्वासरावांसारखंच. पण इथला चुलत काका पुतण्याहून नऊ महिन्यांनी लहान आहे. सालं बघून या दोघांना एका ओळीत बसवलं की पुढची सगळी नाती एका पिढीने घसरतात.

मी नेमकं हेच केलं होतं. वडिलांचे एक आतेभाऊ माझ्याहून सहाच वर्षांनी मोठे. लहानपणापासून त्यांना दादा म्हणत आले, म्हणून पहिली वंशावळ काढताना त्यांना सरळ माझ्या ओळीत लिहिलं. त्यांची आई मग माझ्या वडिलांची बहीण ठरली. घरात सगळेच तिला आत्या म्हणायचे, त्यामुळे मला काही खटकलंही नाही. दोन वर्षांनी तिचं जन्मसाल हाती लागलं आणि ती माझ्या आजोबांपेक्षा, म्हणजे कागदावरच्या तिच्या वडिलांपेक्षा, चार वर्षांनी मोठी निघाली. ती आजोबांची बहीण होती. एका चुकीच्या रेघेपायी अकरा नावं पुसून पुन्हा लिहावी लागली. दादा माझे २-३ चे, आणि ज्यांना मी भाचरं समजत होते ती त्यांची मुलं माझी ३-३ ची भावंडं. म्हणून सांगते, ओळ आईवडिलांवरूनच ठरवा. ‘दादा’, ‘आत्या’ हे प्रेमाचे शब्द आहेत, वंशावळीतला पुरावा नव्हे.

इंग्रजी नाव बरं की मराठी, हा वादही सोडून द्या. दोन्ही अपुरी आहेत. ‘वन्स रिमूव्ह्ड’ भाऊंनाही लागतं आणि विश्वासरावांनाही. काका कोण आणि पुतण्या कोण ते त्यातून कळत नाही. बाजूही कळत नाही. इंग्लंडचे पाचवे जॉर्ज, जर्मनीचे कैसर दुसरे विल्हेल्म आणि रशियाचे झार दुसरे निकोलस यांचं बघा. विल्हेल्म आणि निकोलस दोघेही जॉर्जचे फर्स्ट कझिन. मराठीत मात्र विल्हेल्म त्यांचा आतेभाऊ, कारण त्याची आई जॉर्जच्या वडिलांची बहीण. निकोलस मावसभाऊ, कारण दोघांच्या आया बहिणी. उलट ‘चुलत आजोबा’ म्हटलं की आजोबांचा सख्खा भाऊही त्यात येतो आणि चुलतभाऊही. पहिला १-३, दुसरा २-४. म्हणून वंशावळीत नावाशेजारी आकडे लिहा आणि नातं फोड करून लिहा: ‘आजोबांचा चुलतभाऊ, २-४’. मामे आणि आते ही नाती समोरून उलटतात हेही ध्यानात असू द्या. तो तुमचा आतेभाऊ असेल तर तुम्ही त्याचे मामेभाऊ किंवा मामेबहीण.

सावत्र, म्हणजे आई किंवा वडील यांपैकी एकच सामाईक असलेल्या भावंडांच्या मुलांपुढे खूण करा. त्यांचे आजी-आजोबा दोन्ही नव्हे, एकच सामाईक असतात. दत्तकाची रेघ तुटक काढा.

डीएनए चाचणीने सगळं सुटेल असं समजू नका. सख्ख्या चुलत-मावस भावंडांत सरासरी १२.५ टक्के डीएनए सामाईक असतो. २-३ ला ६.२५ टक्के, आणि सावत्र भावंडांच्या मुलांतही तेवढाच, त्यामुळे नुसत्या टक्क्यावरून यातलं नातं कोणतं हे सांगता येत नाही. तिथे पुन्हा वंशावळच लागते.

आणि कधी दोन वाटा सापडतात. दोन भावांनी दोन बहिणींशी लग्नं केली तर त्यांची मुलं चुलतही असतात आणि मावसही. त्यांच्यात सरासरी २५ टक्के डीएनए सामाईक असतो. राणी दुसऱ्या एलिझाबेथ आणि प्रिन्स फिलिप हे राणी व्हिक्टोरियाकडून ४-४, म्हणजे थर्ड कझिन; डेन्मार्कचे राजे नववे क्रिश्चन यांच्याकडून मात्र एलिझाबेथ चार पायऱ्यांवर आणि फिलिप तीन, म्हणजे सेकंड कझिन वन्स रिमूव्ह्ड. दोन्ही बरोबर आहेत. अशा ठिकाणी दोन्ही जोड्या लिहा, प्रत्येकीपुढे त्या पूर्वजाचं नाव टाका, आणि दुसरी वाट सापडली म्हणून पहिली खोडू नका.