अमल कॉन्सेंट्रिकचा फ्लोट आणि नीडल बदलताना या चुका टाळा

गाडी उभी केली, पेट्रोल कॉक चालू राहिला आणि थोड्या वेळाने कार्ब्युरेटरवरच्या टिकलरच्या (फ्लोट खाली दाबायच्या बटणाच्या) आजूबाजूला ओल दिसली, की आपण लगेच म्हणतो, "नीडल गेली." बऱ्याचदा ते खरंही असतं. चुका होतात त्या यापुढे.

1967 साली आलेला अमल कॉन्सेंट्रिक कार्ब्युरेटर (इंजिनाला हवा-पेट्रोलचं मिश्रण देणारा भाग) ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टन अशा अनेक ब्रिटिश गाड्यांवर बसला. त्याच्या बाउलमध्ये, म्हणजे खालच्या पेट्रोलच्या वाटीत, फ्लोट तरंगतो; तो वर आला की फ्लोट नीडल पेट्रोलची वाट बंद करते. ही नीडल सुरुवातीला नायलॉनची होती. आता व्हायटॉनचं (पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचं) टोक असलेली हलकी ॲल्युमिनियमची नीडल मिळते आणि तिच्या जोडीला 'स्टे-अप' फ्लोट. हा फ्लोट पोकळ नसतो, त्यामुळे चीर पडून आत पेट्रोल भरण्याचा प्रश्नच येत नाही. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुनं रबर आणि जुनं प्लॅस्टिक त्यात फार दिवस तग धरत नाही, म्हणून हा बदल करून घ्याच असं मी आग्रहाने सांगेन.

दुकानात नुसतं "नीडल द्या" म्हणू नका. कार्ब्युरेटरमध्ये नीडल दोन असतात. एक स्लाइडला (ॲक्सिलरेटर पिळला की वर-खाली होणाऱ्या भागाला) लटकणारी, दुसरी बाउलमधली. "फ्लोटची नीडल" असं स्पष्ट सांगा आणि जुनी सोबत न्या.

माझ्या हातून झालेली चूक म्हणजे सीट, म्हणजे नीडल जिथे टेकते ती बाउलमधली पितळी जागा, न बघता नवी नीडल टाकणं. गॅस्केट नवं, नीडल नवी, आणि सकाळी कार्बखाली पुन्हा ओला डाग. बाउल काढून बॅटरीच्या उजेडात सीट पाहिली तर पितळेवर हिरवट थर आणि कडेला बारीकशी खाच. नीडल कितीही चांगली असली तरी ती टेकते सीटवरच. कान साफ करायच्या काडीला थोडं ब्रासो लावून बोटांनी हलकेच फिरवलं, पेट्रोलने धुतलं, हवा मारली. थर निघाला, कडा चकचकीत झाली आणि गळती थांबली. खाच खोल असेल तर मात्र पॉलिशने भागत नाही, बाउलच बदलावा लागतो. व्हॉल्व्ह घासायची ग्राइंडिंग पेस्ट इथे चुकूनही वापरू नका, ती पितळ खाते आणि सीटचा आकार बिघडवते.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते पेट्रोलच्या लेव्हलकडे. फ्लोट बदलला की लेव्हल बदलते, आणि लेव्हल बदलली की मिश्रण बदलतं. प्लग काळा पडतोय म्हणून लोक मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र) लहान करत बसतात, आणि दोष असतो बाउलमध्ये. कॉन्सेंट्रिकमध्ये पेट्रोल बाउलच्या वरच्या कडेपासून साधारण 5 मिलिमीटर खाली थांबायला हवं. तपासायचं असं: बाउल कार्बपासून सोडवा, पाइप जोडलेलाच ठेवा, बाउल कार्बच्याच उंचीवर सपाट धरा. फ्लोटची पिन काडीने दाबून ठेवा, कारण एरवी तिला वरून कार्बची बॉडीच दाबून धरते. आता कॉक हळूच उघडा. पेट्रोल चढेल, फ्लोट उचलला जाईल आणि नीडल आपोआप बंद होईल. मग व्हर्नियर कॅलिपरच्या मागून बाहेर येणाऱ्या पट्टीने खोली मोजा. हे काम उघड्यावर करा, इंजिन गार असताना, आणि जवळपास कुणी सिगारेट ओढत नाही ना ते बघून.

लेव्हल चुकली तर स्टे-अप फ्लोटची धातूची जीभ अगदी किंचित वाकवून ती लावता येते. जुन्या प्लॅस्टिकच्या फ्लोटला वाकवायला काही नसतं. तिथे बाउल गरम करून दाबून बसवलेली सीट सरकवावी लागते, आणि ते नवख्याचं काम नाही. दोन कार्ब असतील तर दोन्हींची लेव्हल सारखी हवी. एकच बदलला तर ट्यूनिंग कधीच जमत नाही.

आणखी जुन्या गाड्यांत पितळी फ्लोट असतात. त्यांना डाग (सोल्डर) देऊन पुन्हा वापरायची आपल्याकडे सवय आहे. पण डागाने वजन वाढतं, फ्लोट जास्त बुडतो आणि लेव्हल वर जाते. शिवाय आत पेट्रोल राहिलं असताना आच दिली तर फ्लोट फुटून इजा होऊ शकते. नवा फ्लोट घ्या.

कधीकधी नीडलचा काहीच दोष नसतो. टाकीतला गंज कणाकणाने खाली येऊन सीटवर बसतो. बाउलच्या बँजोत (पेट्रोलचा पाइप जिथे जोडतात तिथे) बारीक जाळी असते, ती काढून बघा. तांबडी भुकटी दिसली तर आधी टाकी धुवा, मगच नव्या भागांवर पैसे घाला. पावसाळ्यात टिकलरचं बटण गंजून खालीच अडकतं, फ्लोट दाबलेला राहतो आणि ओव्हरफ्लो सुरू होतो. दोन-चारदा दाबून सोडा, स्प्रिंगने टणकन वर यायला हवं.

बसवताना बाउलचे स्क्रू आणि फ्लँजचे (इंजिनाला जोडणाऱ्या सपाट कडेचे) नट जीव खाऊन आवळू नका. कॉन्सेंट्रिकची बॉडी मऊ आहे, फ्लँज वाकला की स्लाइड अडकायला लागते.

सगळं जुळलं की कार्बखाली वर्तमानपत्र अंथरा, कॉक अर्धा तास उघडा ठेवा. कागद कोरडा राहिला तरी आधीच्या गळतीचं पेट्रोल इंजिनात गेलं असू शकतं. ऑइलचं झाकण उघडून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय किक मारू नका.