रूट असूनही एनएफएसवर लिहिता येत नाही तेव्हा

आमच्या संगणक केंद्राचा बॅकअप रात्री दोनला सुरू होतो. गेल्या पावसाळ्यात एनएफएसचा, म्हणजे आपलं फोल्डर नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनना (क्लायंटना) वापरू देणारा, नवा स्टोरेज सर्व्हर लावला आणि दुसऱ्या सकाळी लॉग उघडला, तर 'परमिशन डिनाइड'च्या ओळींची रांग. फायली कॉपी करणारा आरसिंक तर रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर म्हणून चालतो. घाईत मी सर्व्हरवरच्या फोल्डरला ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, देऊन टाकलं. फायली पडू लागल्या, पण सगळ्या 'नोबडी' या बिनहक्काच्या युजरच्या नावावर, आणि लॉगमध्ये आता चाऊनसाठी (फाइलचा मालक बदलायची कमांड) 'ऑपरेशन नॉट परमिटेड'. असा बॅकअप परत घ्यायची वेळ आली तर कुठली फाइल कोणत्या विद्यार्थ्याची हे कसं कळणार? म्हणून आधी सांगते, ७७७ देऊ नका.

आधी एरर नीट वाचा. 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' असेल तर रूटचा संबंध नाही. एक्सपोर्ट (सर्व्हरने खुलं केलेलं फोल्डर) किंवा माउंट (क्लायंटवर ते जोडणं) आरओ, म्हणजे फक्त वाचण्यापुरतं आहे, तेवढंच बदला. 'परमिशन डिनाइड' असेल तर सर्व्हरला आपण कोण दिसतो ते तपासायचं. सर्व्हरवर एक्सपोर्टच्या आत १७७७ परवानगीचं (सगळ्यांना लिहिता येईल, पण दुसऱ्याची फाइल पुसता येणार नाही असं) तात्पुरतं फोल्डर करा, क्लायंटवर रूट होऊन त्यात टचने एक फाइल बनवा आणि मग सर्व्हरवर एलएस -एलएन चालवा. एन महत्त्वाचा, त्याने मालकाचं नाव नाही तर क्रमांक दिसतो; कारण नावं फसवतात, आकडे फसवत नाहीत. मालक ०, म्हणजे रूट दिसला तर अडचण दुसरीकडे आहे. ६५५३४, म्हणजे नोबडी दिसला तर रूट स्क्वॉश, म्हणजे रूटचे हक्क काढून घेणारा पर्याय, चालू आहे.

ही बिघाडाची खूण नाही. नेहमीच्या एनएफएसमध्ये क्लायंट फक्त स्वतःचा युजर क्रमांक पाठवतो आणि सर्व्हर तो मान्य करतो. मग लॅबमधल्या कुठल्याही मशीनवर रूट झालेला मुलगा अख्ख्या स्टोरेजचा मालक होईल. म्हणून सर्व्हर शून्याचा ६५५३४ करून टाकतो. मुद्दाम बंद केलं नाही तर हे चालूच असतं.

क्लायंटवर साध्या युजरच्या फायलीसुद्धा नोबडीच्या दिसत असतील, पण सर्व्हरवर आकडे बरोबर असतील, तर दुखणं वेगळं. एनएफएस ४ मध्ये बहुतेकदा दोन्हीकडच्या आयडीमॅपडी.कॉन्फ या, युजरची नावं आणि क्रमांक जुळवणाऱ्या सेटिंग फाइलमधलं डोमेन जुळत नसतं.

आता सर्व्हरवर एक्सपोर्टएफएस -व्ही चालवा. एक्सपोर्टच्या सेटिंग फाइलमध्ये आपण काय लिहिलं यापेक्षा चालू काय आहे ते इथे दिसतं. मला एकदा अख्खी दुपार खाणारी चूक इथेच सापडली: /ईटीसी/एक्सपोर्ट्स या त्याच फाइलमध्ये क्लायंटचा पत्ता आणि पर्यायांचा कंस यांच्यात एक स्पेस. त्या एका स्पेसमुळे कंसातले पर्याय साऱ्या जगाला लागू होतात आणि आपल्या मशीनला मूळचेच पर्याय मिळतात. कंस पत्त्याला चिकटूनच हवा.

खरंच रूट लागत असेल, म्हणजे बॅकअपला मालकी जपायची असेल, तर फक्त बॅकअप मशीनच्या एका आयपीला नो_रूट_स्क्वॉश द्या. त्याच फोल्डरसाठी उरलेल्या नेटवर्कची नोंद वेगळी, रूट_स्क्वॉशसकट. एकट्या मशीनची नोंद नेटवर्कच्या नोंदीआधी धरली जाते, त्यामुळे दोन्ही सुखाने नांदतात. सगळ्या सबनेटला मात्र देऊ नका: त्यातल्या एका मशीनचा रूट शेअरवर सेटयूआयडी रूट प्रोग्रॅम (कोणीही चालवला तरी रूटच्या हक्काने चालणारा) ठेवू शकतो, आणि तो शेअर नोसूडशिवाय (असे हक्क नाकारणारा पर्याय) माउंट केलेल्या मशीनवर साधा युजरही तो चालवून रूट होतो.

मालकीशी देणंघेणं नसेल, जसं स्कॅनरच्या फायली टाकायचं फोल्डर, तर ऑल_स्क्वॉशसोबत अ‍ॅनॉनयूआयडी आणि अ‍ॅनॉनजीआयडी देऊन सगळं एका साध्या युजरच्या नावावर घ्या. मालकी बदलायचं काम एकदाच असेल तर सरळ सर्व्हरवर लॉगइन करून तिथेच चाऊन करा, एक्सपोर्टला हात लावू नका.

बदलानंतर तो लागू करायला एक्सपोर्टएफएस -आरए. क्लायंटवर पुन्हा माउंट करावं लागत नाही सहसा. मग तीच टचची चाचणी नव्या नावाच्या फाइलने पुन्हा घ्या, मालक ० (ऑल_स्क्वॉश असेल तर तुम्ही दिलेला क्रमांक) दिसला की तात्पुरतं फोल्डर काढा, आणि ७७७ दिलं असेल तर जुनी परवानगी परत लावा. रात्रीची वाट न पाहता एकाच विद्यार्थ्याच्या फोल्डरवर आरसिंक चालवा आणि सर्व्हरवर एलएस -एलएनने त्याचा क्रमांक जुळतो का पाहा. माझ्याकडे तो जुळला, तेव्हा नोबडीच्या नावावरचा आधीचा बॅकअप पूर्ण पुसून नव्याने घेतला.