घरचा काटेरी हलवा: काटा नेमका कुठे अडतो

संक्रांत जवळ आली की तुळशीबागेत हलव्याचे दागिने टांगलेले दिसू लागतात आणि त्याच सुमारास ओळखीपाळखीतून मला एक प्रश्न हमखास विचारला जातो: घरी केलेल्या हलव्याला काटा का येत नाही? विचारणारीने साखर चांगली घेतलेली असते, तीळही निवडलेले असतात, फक्त कुणाच्या तरी सांगण्यावरून पाऊण तासात हलवा उरकण्याचा घाट घातलेला असतो. पाऊण तासात तिळावर साखरेचे पुट चढते, पण त्याला हलवा म्हणत नाहीत. दोन मोठे चमचे तिळांच्या हलव्याला मला तीन दिवस लागतात, तेही रोज पहाटे दीड-दोन तास बसून.

पहाटेचा आग्रह हा सोवळेपणाचा भाग नव्हे. जानेवारीत पुण्याची पहाट थंड आणि कोरडी असते, आणि कोरड्या हवेत पाकातले पाणी फारशी आच न देताही उडून जाते. आभाळ आलेले असेल किंवा स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या चालू असतील, तर त्या दिवशी परात काढूच नये. 14 जानेवारीला हलवा हातात हवा असेल, तर 9 किंवा 10 तारखेला सुरुवात करावी, म्हणजे एखादा दिवस वाया गेला तरी धावपळ होत नाही.

तीळ पांढरे आणि पूर्ण कोरडे असावेत. दागिने करायचे असतील तर बारीक मण्यांसाठी खसखस, मोठ्या गोल मण्यांसाठी साबुदाणा आणि लांबट दाण्यांसाठी मगजबी घ्यावी. यांपैकी प्रत्येकाचा घाणा वेगळा करावा. पहिल्यांदाच करणाऱ्यांनी तिळावरच हात बसवावा, कारण खसखस वाऱ्यावर उडते आणि साबुदाणा गडगडत परातीच्या कडेला जाऊन बसतो.

दोन वाट्या साखरेला एक वाटी पाणी घालून साखर विरघळेपर्यंत ढवळावे आणि उकळी आल्यावर डाव बाजूला ठेवावा. चमचाभर दूध घातले की मळी कडेला जमते. ती काढून पाक ओल्या मलमलीतून गाळावा. बोटांत धरून पाहिल्यावर तार धरू लागली आहे पण लगेच तुटते, अशा बेताला तो उतरवावा. रोजच्यापुरता थोडा पाक काढून घेऊन त्याचे भांडे गरम पाण्यात ठेवावे, कारण गार पाक जाड ओघळतो आणि दाणे एकमेकांना चिकटवतो.

या पाकात लिंबू पिळू नये. "पाक आळू नये म्हणून दोन थेंब लिंबू" हा सल्ला गुलाबजामसाठी योग्य आहे, कारण तिथे साखरेचे कण होऊ द्यायचे नसतात. आंबटपणामुळे काही साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात आणि ते कण धरू देत नाहीत. हलव्याचे सगळे काम कण धरण्यावरच चालते. लिंबाच्या पाकातला हलवा चिकट राहतो, हवेतला ओलावा ओढतो आणि हळदीकुंकवाच्या दिवशी बरणीत त्याचा एकच गोळा झालेला सापडतो.

आता परातीकडे वळू, कारण बहुतेकींचा हलवा इथेच फसतो आणि माझाही सलग तीन वर्षे फसला.

पहिल्या वर्षी मी उतावीळपणे डावभर पाक एकदम ओतला. क्षणात सगळ्या तिळांची एक ढेप झाली. सासूबाई काहीही न बोलता ती ढेप फोडून आठवडाभर चहाबरोबर खात राहिल्या. दुसऱ्या वर्षी पाक बेताने घातला, पण लवकर वाळावा म्हणून आच वाढवली. पाक तिळावर बसण्याआधीच परातीवर वाळला, त्याची पिठी झाली, आणि तीळ जसेच्या तसे राहून भोवती साखरेचा धुरळा तेवढा जमला. तिसऱ्या वर्षी आच आणि पाक दोन्ही जमले, तरी दुसऱ्या दिवसानंतर दाणा मोठा होईना. चूक परातीची होती. मी ती मध्ये एकदाही धुतली नव्हती. तळाला साखरेचा खरबरीत थर बसला होता, आणि नवीन पाक तिळाऐवजी त्या थरावर चढत होता.

म्हणून परातीचे नियम मी आता काटेकोरपणे पाळते. पूर्वी शेगडीतले निखारे राखेने झाकून त्यावर परात ठेवत असत; गॅसवर तेच साधण्यासाठी लहान शेगडी अगदी मंद करून तिच्यावर जाड तवा आणि तव्यावर परात ठेवावी. परातीच्या तळाला तळहात टेकवून दहा अंक सावकाश मोजता आले पाहिजेत. सहाव्या अंकाला हात उचलावा लागला, तर आच जास्त आहे. परात खाली घेऊन थोडा वेळ थांबावे.

तीळ कोमट झाले की त्यांवर अर्धा चहाचा चमचा गरम पाक वीतभर उंचीवरून शिंपडावा आणि बोटांच्या टोकांनी हलकेच फिरवत राहावे. फिरवावे म्हणजे घासू नये. लाडवासाठी बेसन भाजताना आपण जसा दाब देतो, तसा इथे दिला की उगवू पाहणारा काटा मोडतो. बोटे दाण्यांच्या खालून जावीत, दाणे उलटावेत आणि पुन्हा पसरावेत, एवढेच. ओले दाणे परातीत मुकाट सरकतात. पाक वाळत आला की त्यांची बारीक सळसळ ऐकू येऊ लागते. ती सळसळ स्पष्ट झाल्याशिवाय दुसरा अर्धा चमचा घालायचा नाही. मी घड्याळ पाहत नाही, कारण प्रत्येक पहाटेची हवा निराळी असते आणि आवाज मात्र फसवत नाही.

दर सात-आठ वेळा पाक घातल्यावर दाणे ताटात काढावेत, पिठी चाळून वेगळी करावी, परात धुऊन पूर्ण कोरडी करावी आणि मगच पुढे जावे. याचा कंटाळा येतो, मलाही येतो, पण यावर तडजोड नाही. चाळलेली पिठी टाकू नये. दुसऱ्या दिवशीच्या पाकात ती विरघळून जाते.

पहिल्या दिवसाअखेर तीळ नुसता पांढरा आणि गुळगुळीत दिसतो. इथे पुष्कळजणी हिरमुसतात आणि सोडून देतात. दाणे ताटात पसरून, पातळ फडक्याने झाकून रात्रभर सुकू द्यावेत. दुसऱ्या दिवशी पृष्ठभाग खरबरीत होतो आणि भिंगातून पाहिले तर बारीक टेंगळे दिसतात. तिसऱ्या दिवशी पाक थोडा दाट ठेवावा, अगदी एकतारी, गरमच घालावा आणि हात आणखी कमी फिरवावा. टेंगळांची टोके वर आलेली असल्याने दाट पाक तिथे अडकतो, तिथेच वाळतो आणि टोक आणखी पुढे सरकते. तोच काटा. कातरवेळी बोरीच्या झाडाखालून चालताना पायाला लागावा, तसा तो बोटांना टोचू लागला की काम झाले.

रंग हवा असेल तर शेवटच्या दोन-तीन वेळच्या पाकात केशर खलून घालावे. मला पांढराच आवडतो, कारण काळ्या साडीवर दुसरा रंग तितका उठत नाही.

दागिन्यांसाठी दाण्याला सुईने भोक पाडण्याचा प्रयत्न करू नये, दाणा फुटतो. दोऱ्याचा वेढा देऊन एकेक दाणा गाठीत बांधावा. काट्यांमुळे दोरा घसरत नाही, आणि गुळगुळीत हलव्याचा तन्मणी बांधायला घेतला की हा फरक लगेच कळतो. तयार हलवा घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवावा. बोरन्हाणासाठी बोरे आणि उसाचे करवे यांत तो मिसळायचा असेल, तर आयत्या वेळी मिसळावा, कारण उसाचा ओलावा लागल्यावर तीन दिवसांचा काटा तासाभरात बसतो.