घरातील सेप्टिक टँकची निगा कशी राखावी

शौचालय तुंबते किंवा अंगणात दुर्गंधी पसरते, तेव्हाच बहुतेक घरांत सेप्टिक टँकची आठवण होते. तोपर्यंत बिघाड पुष्कळदा शोषखड्ड्यापर्यंत, म्हणजे टाकीतून आलेले पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यापर्यंत, पोहोचलेला असतो. टाकीतला गाळ उपसता येतो, पण गाळाने भोवतालच्या मातीची छिद्रे बुजली, की शोषखड्डा पूर्ववत करणे अवघड आणि खर्चाचे होते. त्यामुळे गाळ टाकीतच राहावा आणि वेळेवर बाहेर निघावा, याकडे सगळे लक्ष असावे.

टाकीत आलेला मैला तळाशी बसतो, तेलकट भाग साय धरून वर तरंगतो आणि मधले त्यामानाने निवळ पाणी दुसऱ्या कप्प्यातून शोषखड्ड्यात जाते. यासाठी पाणी टाकीत निदान एक दिवस संथ राहिले पाहिजे. म्हणून प्रथम टाकीत काय काय सोडले आहे ते तपासावे. गच्चीवरचे पावसाचे पाणी टाकीला जोडलेले असल्यास ते ताबडतोब तोडावे, कारण एका जोरदार सरीने तळाचा गाळ ढवळून पुढे वाहून जातो. गळका फ्लशही दुरुस्त करावा. सॅनिटरी पॅड, डायपर, ओले वाइप्स आणि स्वयंपाकाचे उरलेले तेल शौचालयात टाकू नये. अ‍ॅसिड व फिनेल रोज सढळ हाताने ओतल्यास मैला कुजवणारे जिवाणू मरतात. त्यामुळे साफसफाईसाठी ब्रश आणि थोडा सौम्य साबण वापरावा. जिवाणूंच्या पावडरी विकत आणण्याची गरज नाही, मैल्यातून ते आपोआप येतच असतात.

वर्षातून एकदा, शक्यतो उन्हाळ्यात, गाळ मोजावा. लांब काठीच्या खालच्या भागाला पांढरे जाड कापड गुंडाळून ती पहिल्या कप्प्यात तळापर्यंत सावकाश सोडावी, थोडा वेळ थांबून सरळ वर काढावी आणि कापडावर काळा लेप किती उंचीपर्यंत चढला आहे ते पाहावे. टाकीतील पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांश इतका गाळ झाला असेल, तर उपसा करून घ्यावा. झाकण उघडल्यावर तोंडावर वाकू नये, जवळ काडी ओढू नये, मुलांना लांब ठेवावे आणि काम होताच झाकण घट्ट बसवावे.

घरगुती टाकी साधारणपणे दर दोन ते तीन वर्षांनी उपसावी लागते. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या नगरपालिकांनी तर तक्रारीची वाट न पाहता, दर तीन वर्षांनी ठरलेल्या वेळापत्रकानुसार घरोघरच्या टाक्या उपसण्याची पद्धत सुरू केली. ही रीत प्रत्येक गावाने घ्यावी अशीच आहे. उपशासाठी नगरपालिकेची किंवा परवानाधारक सक्शन गाडीच बोलवावी आणि मैला कुठे रिकामा करणार, हे चालकाला आवर्जून विचारावे. ओढ्यात ओतलेला मैला शेवटी कुणाच्या तरी पिण्याच्या पाण्यात उतरतो.

कोणत्याही माणसाला टाकीत उतरवू नये, अगदी अडलेली वस्तू काढण्यासाठीसुद्धा. टाकीत साठणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचे प्रमाण वाढले, की वासाची जाणीवच नाहीशी होते, त्यामुळे धोका कळण्याआधीच माणूस कोसळतो आणि त्याला वाचवायला उतरलेलाही दगावतो. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने अशा धोकादायक सफाईस मनाई केली आहे आणि काम करवून घेणाराही शिक्षेस पात्र ठरतो.

उपसा झाल्यावर तळाशी थोडा गाळ राहू द्यावा, म्हणजे कुजण्याची क्रिया लवकर सुरू होते. टाकी घासून धुऊ नये. टाकीतला वायू बाहेर सोडणाऱ्या व्हेंट पाइपच्या टोकाची फाटलेली जाळी बदलावी, नाहीतर त्यातून डास बाहेर पडतात. कोकणासारख्या भागात पावसाळ्यात भूजल वर येते, आणि रिकामी प्लास्टिक किंवा फायबरची टाकी त्याच्या दाबाने उचलली जाऊ शकते. तेथे उपसा पावसाळ्यापूर्वीच उरकावा आणि टाकी लगेच साध्या पाण्याने भरून ठेवावी.