प्रिंटर रुसला, कारण राउटर नवा

कोथरूडच्या घरी नवा राउटर बसला आणि प्रिंटरचं नेट गेलं. वायफायचा निळा दिवा नुसता लुकलुकत होता. बंद-चालू केलं, पासवर्ड तीनदा टाकला, काही नाही. "कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जा ना सरळ," बायको म्हणाली. पण हट्ट पुणेरी, गेलो नाही.

शेवटी प्रिंटरवरूनच नेटवर्क रिपोर्ट छापला. आयपी पत्ता (नेटवर्कवरचा यंत्राचा क्रमांक) १६९.२५४ ने सुरू होत होता! म्हणजे राउटरने पत्ता दिलाच नव्हता, प्रिंटरने मनानेच एक घेतला होता.

मग राउटरच्या सेटिंगमध्ये शिरलो (तिथला पासवर्ड राउटरच्या बुडाखालच्या स्टिकरवर असतो, चष्मा लावून वाचावा लागतो). वायफायची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीवर होती. ती आली २०१८ साली, माझा प्रिंटर २०१६ चा. बिचाऱ्याला भाषाच कळत नव्हती. शिवाय त्याला वायफायचा फक्त २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा समजतो, ५ चा नाही.

२.४ ला वेगळं नाव दिलं, सुरक्षा आधीच्या पद्धतीची, डब्ल्यूपीए२ (एईएस) केली, प्रिंटर पुन्हा जोडला. दिवा स्थिर! मोबाइल ५ गिगाहर्ट्झवरच ठेवला, तरी प्रिंट निघते. राउटर एकच ना.

पहिलं पान छापलं ते वीजबिल.